दादाला घेऊन आंबोलीला

रवि. २ एप्रिल ७८

जेलवर मुलाखतीला जाऊन आले. जाळीपलीकडनं दादानं आधी आमच्या मनूची चौकशी केली, मग ह्यांची, मग खाली बघत म्हणाला, "अकरा मे. सायबानं कागद दाखवला."

सात वर्षं सुटकेच्या ह्या तारखेची वाट बघितली. "आंबे आलेले असतील तेव्हा," असं काहीतरी म्हणाले. तो हसला. पुढचा एक दात पडलाय. आजच लक्षात आलं.

येताना भाजी आणायची विसरले.

मंगळ. ४ एप्रिल

सुटल्यावर त्याला न्यायचं कुठे? गावी नेणं शक्य नाही. आमचं घर आणि काकीचं घर, मधे एकच भिंत. बाळू काकीचा एकुलता एक. पाण्याच्या पाळीवरनं बांधावर भांडण झालं, दादाच्या हातात खोरं होतं. चुलतभाऊ, पण एका ताटात जेवलेले दोघे. आज इतकंच पुरे.

इथे आणावं तर दोन खोल्या, आणि खाली घरमालकीणबाई. त्यांना मी सांगून ठेवलंय की भाऊ गुजरातेत गिरणीत आहे. शाळेतल्या बाकीच्या बाईंनाही तेच. मनूलाही तेच.

हे जेवताना म्हणाले, "मे महिन्यात तुझ्या शाळेला सुट्टीच आहे. आठवडाभर सगळेच कुठेतरी थंड हवेला जाऊ. त्यालाही मोकळं वाटेल. पुढचं पुढे." किती सोपं करून टाकतात! पण बरं वाटलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, आम्ही तरी कुठे गेलोय.

शुक्र. ७ एप्रिल

कुठे जायचं, ह्यावरच तीन दिवस. महाबळेश्वर म्हणजे सीझनची गर्दी, आणि खोल्या आपल्याला झेपणाऱ्या नाहीत. पन्हाळा अगदी जवळ, पण आमच्याच गल्लीतली दोन बिऱ्हाडं मेमध्ये तिथे जाणार आहेत, शिवाय शाळेतलं कुणीतरी भेटणारच. पन्हाळा बाद.

शेवटी आंबोली. ह्यांच्या छापखान्यात, शाहूपुरीत, मेहबूबभाई म्हणून बाइंडर आहेत. त्यांच्या साडूची तिथे खानावळ आहे आणि मागे तीन खोल्या. मेहबूबभाईंना दादाचं सगळं ठाऊक आहे म्हणे. ह्यांनी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. मला हे आज कळलं! चिडले. हे शांतपणे म्हणाले, "मला नको का गं कुणाला तरी सांगायला?"



रवि. १६ एप्रिल

मलकापूरला वहिनीकडे. दादा आत गेल्यापासून ती माहेरीच आहे. बालवाडीत काम करते, सुलीला वाढवते. सुली दहाची झाली. नाकडोळे थेट दादाचे.

मी आंबोलीचं सगळं रंगवून सांगितलं. झाडी, सकाळचं धुकं, मेमध्येसुद्धा स्वेटर लागतो, एका टोकावरनं समुद्र दिसतो. वहिनी भाकऱ्या करत होती. शेवटची उतरवली, हात पुसले.

"झालं तुजं?"

"मग येणार ना?"

"कुसुम, सात दिस झाल्यावर काय करनार हाईस त्याचं?"

मी म्हटलं, सात दिवसांत ठरवू की.

"तुला त्याला लपवायचंय. म्हनून डोंगर काढलास. मी हितं कुनापासनं काय लपवलं न्हाय. पोरीलाबी सांगितलंय, तुज्या बापानं मानूस मारलाय, जेलात हाय. पोरगी रडली दोन दिस. मग शाळंत गेली."

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

येणार की नाही ते सांगितलंच नाही. निघताना विचारलं, दादाला वहाणा घ्यायच्यात, पायाचं माप माहीत आहे का. "नऊ. डावा पाय जरा रुंद हाय, सैल बगून घे." एका दमात म्हणाली. मग आत गेली ती बाहेर आलीच नाही. सुली एसटीपर्यंत सोडायला आली.

सोम. १७ एप्रिल

दिवसभर चौथीचे पेपर तपासले. तो एक शब्द काही डोक्यातनं जाईना. लपवायचंय.

संध्याकाळी ही वही मागे चाळली. पन्हाळा बाद का केला, ते मीच लिहून ठेवलंय.

रवि. २३ एप्रिल

मुलाखत. दादाला आंबोलीचं सांगितलं.

"तिथं कोन हाय आपलं?"

"कुणी नाही. म्हणून तर."

"मला आदी काकीकडं जायचंय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यानं पुन्हा सांगितलं. "पायावर डोकं ठेवतो. मारू दे, थुकू दे. त्येवडं केल्याबिगर मला कुठली हवा मानवनार?"

"अरे, बाळूचे मेहुणे आहेत, गावातली माणसं आहेत. तुला काय करतील—"

"करतील त्ये करतील."

मी ओरडले बहुतेक. शेजारच्या जाळीपाशी उभी असलेली बाई वळून बघायला लागली. वेळ संपली. नीट निरोपसुद्धा घेतला नाही.

काकी मला ह्या सात वर्षांत एकदाच भेटली, हातकणंगल्याच्या बाजारात. मी तिला बघून थबकले, तिनंही मला ओळखलं. हातातली पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघत उभी राहिली. मग पिशवी उचलून चालायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुध. २६ एप्रिल

मेहबूबभाई चहाला आले. साडूचं पत्र आलंय, अकरा मेपासून सात दिवस तिन्ही खोल्या आपल्या. एक आम्हाला, एक दादाला. तिसरी कुणाला, हे मी विचारलं. हे म्हणाले, "असू दे."

दादा गावी जायचं म्हणतोय हे कळल्यावर मेहबूबभाई जरा वेळ बशीतला चहा फुंकत बसले. "ताई, जायाचंच झालं तर मी जातो की संगं. मला तिथं कोन वळखतंय." मी म्हटलं, जायचं नाहीच. तसं काही ठरलेलं नाही.

सोम. १ मे

निकाल. मनू पास, वर्गात सहावी आली. आज तिला सांगायचं असं सकाळी पक्कं केलं होतं. वेणी घालायला बसवलं. तीच म्हणाली, "मामा गुजरातेतनं मला काय आणणार?" मी रिबीन बांधून टाकली आणि पेढे आणायला गेले.

गुरु. ४ मे

वहिनीचं कार्ड. चारच ओळी: "मी व सुली येतो. दहा तारखेस तुमच्याकडे पोहोचू. खोली निराळी पाहिजे. सात दिवस बघीन मग काय ते सांगीन."

ह्यांनी दोनदा वाचलं. "तिसरी खोली," एवढंच म्हणाले आणि मशेरी लावायला मोरीत गेले. हसत होते, मला दिसलं.

सोम. ८ मे

वहाणा घेतल्या, नऊ नंबर, सैल. दोन पायजमे, दोन सदरे. टोपी घ्यावी की नाही? पूर्वी घालायचा. दुकानदार म्हणाला, "माप?" मला सांगता येईना. टोपी राहू दिली.

बुध. १० मे

वहिनी आणि सुली दुपारच्या गाडीनं आल्या. वहिनीनं मलकापूरहून थालीपिठाची भाजणी, चटणी, लसूण, सगळं बांधून आणलंय. म्हटलं, खानावळ आहे गं तिथे. "आसंना."

ट्रंक भरली. मनूचा स्वेटर, रग, टॉर्च, क्रोसिन, पत्त्यांचा जोड. शेजारणीनं विचारलं कुठे निघालात. आंबोलीला म्हटलं. "कोण कोण?" "घरचीच," म्हटलं आणि आत आले.

पोरी गॅलरीत बसल्या होत्या. मी इकडनं ऐकत होते.

सुली: "तुजा मामा गुजरातला न्हवता. जेलात हुता."

मनू: "मग मला काही आणणार नाही?"

"न्हाय."

"बरं."

मग मनू आत आली, माझ्यासमोर उभी राहिली. "आई, तू मला खोटं का सांगितलंस?" वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले. मी म्हटलं, "मी भ्याले होते." मनूनं मान हलवली आणि परत खेळायला गेली. एवढंच होतं का ते? ती विचारायला लागल्यापासून चार वर्षं मी ह्याला घाबरत होते?

गुरु. ११ मे, आंबोली

पोचलो. पण कोण कोण, ते क्रमानं लिहिते.

सकाळी आठला जेलच्या दारात सगळे. साडेनऊला दादा बाहेर आला. काखेत एक गाठोडं. जाळीतनं बघताना कळलं नव्हतं, केवढा वाळलाय. मी रडले. ह्यांनी त्याचं गाठोडं घेतलं. वहिनी जरा लांब, झाडाखाली उभी होती. दादा तिच्याकडे बघेना, तिच्या पावलांकडे बघत होता. सुलीच पुढे झाली.

"तुमीच का?"

"व्हय."

"मी सुली."

"व्हय," दादा म्हणाला.

तिथेच नव्या वहाणा घातल्या त्यानं.

स्टँडवर मेहबूबभाई साडूला द्यायची चिठ्ठी घेऊन आलेले. सावंतवाडीची गाडी लागली होती. ट्रंक वर चढवली. दादानं आपलं गाठोडं तेवढं पुन्हा हातात घेतलं. "तुमी व्हा फुडं. मी हातकणंगल्याच्या गाडीनं जातो. काकीला भेटून येतो."

मी त्याचा हात धरला. काय काय बोलले. आजच कशाला, आठ दिवस जाऊ देत, आधी जरा हवा खा, अंगात ताकद येऊ दे. शेवटी म्हटलं, तुला काही झालं तर मी काय करू? लोक बघत होते. बघू देत. ह्यांनी मला अडवलं नाही, त्यालाही नाही.

मग वहिनी म्हणाली, "कुसुम, हात सोड त्येंचा."

सोडला.

"मी जाते संगं. एकटं गेलं तर काकी दार लावून घील. मी आसले तर..." मेहबूबभाई म्हणाले, मीबी येतो. "नगो भाई. घरातलं हाय." वहिनीनं सुलीच्या डोक्यावरनं हात फिरवला. "आत्याचं ऐक." मग मला, हळू आवाजात, "उद्या येऊ, न्हायतर परवा. न्हायच आलो तर पोरीला मलकापूरला पोचीव."

दोघं पलीकडच्या फलाटाकडे गेली. ती दोन पावलं पुढे, तो मागे. वहाणा चावत होत्या बहुतेक, जपून चालत होता.

आमची गाडी सुटली तेव्हा त्यांची अजून लागलेली नव्हती.

शुक्र. १२ मे

इथे खरंच थंड आहे. सकाळी दारासमोरची झाडंसुद्धा दिसत नव्हती. पोरी तोंडातनं वाफ काढून दाखवत होत्या एकमेकींना. अशी सुट्टी मी कधी बघितली नव्हती, आणि आता लक्ष सगळं रस्त्याकडे. हे पोरींना घेऊन समुद्र दिसतो त्या टोकापर्यंत जाऊन आले. दिसला का? मनू म्हणते दिसला, सुली म्हणते ढग हुता.

संध्याकाळच्या गाडीतनं कुणी उतरलं नाही.

भाजणीची थालीपिठं लावून दिली सुलीला. दोन खाल्ली.

शनि. १३ मे

दुपारची गाडी येऊन गेली. एक म्हातारा आणि त्याची बकरी उतरली.

पत्र नाही, निरोप नाही. हे म्हणतात, उद्या सकाळी मी गावी जाऊन बघतो. मी म्हटलं, आजची शेवटची गाडी येऊ दे. वहिनी "न्हायतर परवा" म्हणाली होती. आज परवाच आहे.

कोपऱ्यातल्या दोन खोल्या तशाच. अंथरुणं झाडून ठेवली, निराळ्या खोल्यांत निराळी.

मघाशी मेहबूबभाईंचे साडू चुलीवरचं पातेलं उतरवून आले. "कोन पावणं यायचं हायेत म्हनं आजून?"

माझ्या तोंडाशी आलंच होतं, भाऊ येतोय गुजरातहून. 

"माझा भाऊ," मी म्हटलं. "परवा जेलमधनं सुटला. आणि वहिनी. ज्या घरातला माणूस त्याच्या हातनं गेला, त्या घरी गेलेत दोघं. तिथनं येतील."

पहिल्यांदाच बोलले कुणापाशी. हे खांबाला टेकून उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

साडूंनी मान डोलवली. "तांदळाची भाकरी चालंल न्हवं त्यास्नी? मग सहाजणांचं पीठ काढतो."

सातची गाडी अजून यायचीय. पोरी फाट्यावर जाऊन बसल्यात. स्वेटर न घेताच गेल्या. देऊन येते.