पूर्वेस विहीर

सोमवार, २ तारीख

काल लिहिलं ते खोटं आहे. 'ताईचा खरेदीचा कागद वाचला, चूक सापडली नाही.' — सापडली होती!

ताई माझी चुलत बहीण. वर्षानुवर्षं शिवणयंत्रावर वाकून आता जमीन घेतेय. सौदा झाला तेव्हा मालकाने हद्द चालून दाखवली — विहीर ओलांडून थेट पलीकडच्या बांधापर्यंत. मीही मागे होते. कागदात मात्र 'पूर्वेस विहीर'. म्हणजे ताईची जमीन विहिरीपाशीच संपली. विहीर आणि पलीकडची पट्टी मालकाकडेच! लिहिणाऱ्याने जागा पाहिलेलीच नाही.

आमच्या दोन्ही घरांत वाचता येणारी मी एकटी. ताईने विचारलं, "बरोबर आहे ना गं?"

"हो," म्हटलं मी.

मंगळवार, ३

जेवताना बाबा म्हणाले, "पोरीला जमिनीची हाव सुटलीय." स्वतःबद्दल बोलताना हेच बाबा 'ओढ' म्हणतात. काकांच्या घरची ती हाव, आमची ती ओढ!

आईने ऐकवलंच — "हाव म्हणा, हव्यास म्हणा, तिने घेतली. तुम्ही तीस वर्षं नुसते दुसऱ्यांचे बांध बघत फिरलात."

बाबा ताटावरून उठले.

माझ्या पोटात आहे त्याला ओढ म्हणवत नाही. जळफळाट आहे. परीक्षा मी दिल्या, डोळे मी फोडले — आणि जमिनीवर नाव तिचं.

बुधवार, ४

दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. यंत्राची घरघर ऐकली नि परत फिरले.

गुरुवार, ५

ताईच आली. बोटाला सुई टोचल्याची चिंधी, तोंडभर हसू.

"सोमवारी नोंदणी. साक्षीदार तू! वकील काय, पैसे घेऊन मान डोलावतो. तू वाचलंस, मला पुरे."

मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला दाखवून तरी घे."

"अगं, घरात शिकलेली बहीण असताना दारोदार कशाला फिरू? आणि विहिरीतून पहिली कळशी तू काढायचीस हां."

तेव्हा सांगायचं होतं. शब्द अगदी ओठावर होते. म्हणाले, "किती वाजता यायचं?"

शनिवार, ७

सोमवारी, ९ तारखेला, ताईच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार. मंगळवारी, १० तारखेला, सकाळीच मालकाकडे जाणार. विहीर आणि पलीकडची पट्टी विकत मागायला — माझ्या नावावर.