खाकी कव्हरातली शेळी

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

मागची नोंद ऑगस्टातली. इतके महिने गप्प राहिलो त्याबद्दल या वहीची माफी मागतो. दुसरं कुणी ही उघडत नाही, म्हणून दुसऱ्या कुणाची मागायची गरज नाही. कारणं होती. ती लिहीत बसलो तर आजचं राहील.

आजचं असं. राजश्रीची बदली पक्की झाली. कलबुर्गीला, सरकारी दवाखान्यात, स्टाफ नर्स म्हणूनच. मेच्या शेवटी जायचं. सोनू तिच्यासोबत जाणार. तिथं राजश्रीची बहीण रूपाली आहे, शाळा तिच्या घराला लागून आहे. मी इथंच, नौबादला, आईजवळ. मी शिकवतो ते पीयू कॉलेज, म्हणजे अकरावी-बारावीचं, इथं. दर रविवारी जाऊन येईन.

सोनू चार वर्षांची. चार वर्षांच्या मुलीला रविवारचा माणूस म्हणजे पाहुणा. पाहुणा आला की ती आईच्या मागं लपते, हे मी पाहिलेलं आहे.

ठराव: ती जाईपर्यंत रोज संध्याकाळी तिला मांडीवर घ्यायचं आणि चित्रांचं पुस्तक मोठ्यानं वाचायचं. इतकं, की तिकडं गेल्यावरही पुस्तक म्हटलं की तिला माझी मांडी आठवावी.

राजश्री म्हणाली, "मग आजच बसा की. ती काय, इथंच हाय."

आज कसं बसणार? आधी पुस्तकं निवडायला हवीत. पहिलंच चुकीचं हातात पडलं तर माणूस जन्मभर वाचत नाही. माझ्या वर्गाकडं बघून सांगतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भाषेवर अडलोय. घरात आपली मराठी. गल्लीत कन्नड. शाळेत इंग्रजी. अंड्याच्या दुकानात उर्दू, आणि तिथं सोनू माझ्यापेक्षा बरी बोलते. मराठी पुस्तक घेतलं तर शाळेत मागं पडेल का? इंग्रजी घेतलं तर शेजारी बसून आई काय ऐकणार? शेवटी मराठी ठरवलं. मग वाटलं, हे सोनूसाठी की माझ्या हट्टासाठी? यावर दोन दिवस गेले.

बसवेशला विचारलं. तो कॉलेजात कन्नड शिकवतो, मुलगा सोनूच्याच वयाचा. डबा खाता खाता म्हणाला, "सर, मांडीवर घ्या आणि हाताला लागेल ते वाचा. आमचा पोरगा टाइल्सचं कॅटलॉग ऐकतो. बाथरूमच्या पानावर तर हसून लोळतो."

बसवेश माणूस चांगला. शिक्षणाकडं मात्र गंभीरपणे पाहत नाही.

२ मार्च, रविवार

पुण्याहून पार्सल आलं. सोनू खोक्यावरच बसली, टेप दातानं काढायला लागली. पुस्तकं तिच्या हातून घेतली. आधी मला वाचायला हवीत. रडली. राजश्री म्हणाली, "बघू द्या की, चित्रंच हायत." चित्रंच आधी तपासायला हवीत, हे तिला समजावलं.

तपासलं. हत्तीच्या वाढदिवसाचं पुस्तक: जंगलात केक कुठून आला, याचा उल्लेख नाही. मुलांत वैज्ञानिक दृष्टी कशी येणार? बाद. राजाचं पुस्तक: राजा लाडू वाटतो आणि सगळे वाकून घेतात. आमच्या घरात कुणी लाडवासाठी वाकायचं नाही. बाद. दात घासण्याचं: विचार उत्तम, गोष्ट नाही. बाजूला. अजून एक: प्रत्येक पानावर आई चुलीपुढं आणि बाप पेपर वाचत बसलेला. हे तर वाचता वाचता मीच रागावलो. राजश्रीनं चहा आणून ठेवला, तोही निवला.

एक उरलं. शेळीची घंटा हरवते, ती शोधत गावभर फिरते. राजा नाही, केक नाही. चित्रं सुरेख. शेळीच्या डोळ्यांत काळजी दिसते.

५ मार्च, बुधवार

सगळ्या पुस्तकांना कव्हरं घातली. बाद केलेल्यांनाही, कारण ठेवायची तर नीट. खाकी कागद, कोपरे दुमडून, वर लेबल. नाव लिहिलं. वर्ग रिकामा सोडला.

राजश्रीनं विचारलं, "चित्रांच्या पुस्तकाला कव्हर कामून?" तिला हे सांगून कळणार नाही. मेहकरला, याच जिल्ह्यातल्या आमच्या गावी, पुस्तक म्हणजे पुढच्याला द्यायची वस्तू होती. माझं चुलतभावाला, मारोतीला, मारोतीचं त्याच्या बहिणीला. मळलं की पुढच्याचं वर्ष बुडालं. जूनमध्ये आई स्वतः बसून कव्हरं घालायची. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं एकदा गणिताचं उलटं घातलं होतं. वर्षभर तसंच वापरलं, पण काढलं नाही.

आईनं आज गठ्ठ्यावरून हात फिरवला. म्हणाली, "आता कशी पुस्तकं दिसायलीत."

सोनूनं विचारलं, "पप्पा, ही कालेजची हायत का?" तुझीच आहेत म्हणालो, पण हात धुतल्याशिवाय लावायचा नाही. सध्या कपाटावर ठेवलीत. तिथं तेलाचा हात पोचत नाही.

९ मार्च, रविवार. संध्याकाळी

वाचन सुरू झालं. लिहायला आनंद होतो.

सोनूचे हात धुतले, पुसले. मांडीवर घेतलं. मी वाचलं: "शेळीताई अत्यंत चिंताक्रांत होऊन इतस्ततः पाहू लागली." सोनूनं माझ्या तोंडाकडं बघितलं. म्हणाली, "पप्पा, तू सरासारखं कामून बोलायलास?"

थांबून 'चिंताक्रांत'चा अर्थ सांगितला. उदाहरणंही दिली. दुसऱ्या उदाहरणाला ती उतरून गेली.

ती गेल्यावर विचार केला. चूक पुस्तकाची. पेन्सिलीनं खोडून लिहिलं: "शेळी लई काळजीत पडली, हिकडं तिकडं बघायली." वाचून बघितलं, बरं वाटलं. नंतर वाटलं, आपणच मुलीला छापील भाषेपासून तोडतोय का? उद्या परीक्षेत 'हिकडं' लिहिलं तर? रबरानं खोडलं. कागद पातळ होता. शेळीचा एक कान गेला.

उद्यापासून रोज.

२३ मार्च, रविवार

रोज जमलं नाही. व्हॅल्युएशन. पेपर तपासून आल्यावर आवाजात गोडवा राहत नाही, आणि कोरड्या आवाजात वाचणं म्हणजे न वाचण्यापेक्षा वाईट, असं मी कुठंतरी वाचलंय.

दुपारी एक प्रकार पाहिला. राजश्री खाटेवर आडवी, पोटाशी सोनू, आणि दोघींच्या पुढं आमच्या लग्नाचा अल्बम. राजश्री 'वाचत' होती.

"ही आज्जी. भात कमी पडतो का काय म्हणून बघायली. हा मारोतीकाका. कामून हसायलाय?"

सोनू म्हणाली, "त्यानं दोनदा जेवलं."

"व्हय. आन् हे कोण?"

"पप्पा. पप्पाला बूट न्हाई."

त्या फोटोत माझ्या अंगावर पांढरा सूट आणि पायात आचाऱ्याच्या रबरी चपला आहेत. लग्नात बुद्धवंदनेला बूट काढले, परत आलो तर एक नाही.

"मग बूट कुठं गेला?"

"कुत्र्यानं नेला," दोघी एकदम म्हणाल्या आणि हसल्या.

मी दारातून सांगितलं की कुत्र्यानं नेला नाही. मारोतीनं घाईत घातला होता. एक त्याचा, एक माझा असे दोन बूट घालून तो पंगतीत वाढत होता. मुलांना खरं सांगावं.

सोनू म्हणाली, "न्हाई. कुत्र्यानंच नेला." मग दोघी मी जायची वाट बघायला लागल्या.

अल्बम म्हणजे पुस्तक नव्हे. लेखक नाही, निवड नाही, फोटोग्राफर काढेल ते चिकटवलेलं. राजश्रीला दुखवायचं नाही, म्हणून बोललो नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी वंदना, मग आई, मी, सोनू पुस्तकांच्या स्टॉलवर. दरवर्षी इथून काहीतरी घेतल्याशिवाय आई घरी येऊ देत नाही. ती स्वतः निवडते, वजनावरून.

सोनू सतरंजीवर बसली आणि समोरचं एक चित्रांचं पुस्तक उघडून एकटीच हसायला लागली. बदक होतं, त्याच्या डोक्यावर घमेलं. पान उलटायची, हसायची, परत मागं जायची. ते घेतलं. आणखी चार घेतली. मूल पुस्तकाकडं वळतंय, हे डोळ्यांनी बघितलं. दोन महिन्यांच्या कष्टाचं फळ.

घरी येऊन लगेच कव्हरं घातली.

संध्याकाळी गठ्ठा खाली काढला आणि सोनूला म्हणालो, आज तू निवड. तुला हवं ते आण. निवडीचं स्वातंत्र्य महत्त्वाचं. ती गठ्ठ्यापुढं उभी राहिली. एक आणलं, उघडलं: दात घासण्याचं. ठेवून आली. दुसरं आणलं: राजा. ठेवलं. तिसरं काढलं नाही. आत जाऊन अल्बम ओढत आणला. त्याच्या कव्हरावर आम्हा दोघांचा फोटो आहे.

आजकालच्या मुलांत चिकाटी नाही. यावर एक लेख वाचायला काढलाय.

७ मे, बुधवार

सुट्टी लागली. आता कारण उरलं नाही. रोज साडेसहा, काहीही झालं तरी.

सोनू मेहकरला आहे. आई तिला घेऊन मारोतीच्या मुलीच्या लग्नाला गेली, ती राहिलीच. राजश्री म्हणाली, "तुमी बी जावा की." गेलो असतो. पण हा वेळ तयारीला चांगला.

रोज साडेसहाला एकटाच मोठ्यानं वाचतो. शेळीचा आवाज बारीक, गावकऱ्यांचा भरड. आज शेजारच्या लिंगम्मा अक्का खिडकीशी आल्या. "सर, कुठं भाषण हाय का?" म्हणाल्या. नाही म्हणालो. "मग तब्येत बरी हाय न्हवं?"

शेळीचा आवाज आता चांगला बसलाय.

१८ मे, रविवार

सोनू आली. साडेसहाला बसलो. तयारीचा परिणाम लगेच दिसला. दुसरं पान उलटण्याआधी ती माझ्या छातीवर डोकं ठेवून झोपली. आवाजाची लय साधली की असंच होतं. पुढं सगळं पुस्तक तसंच वाचलं, हळू. हात अवघडला तरी हलवला नाही.

राजश्रीला सांगितलं. ती म्हणाली, "झोपंल न्हाई तर काय. उन्हात टमटममधून आली, दुपारी डोळ्याला डोळा न्हाई."

असेल. पण झोपली माझ्यावर.

२७ मे, मंगळवार

सामान बांधलं. उद्या सकाळी निघणार.

राजश्री म्हणाली, "तिची दोन-चार पुस्तकं द्या." कपाटावरून गठ्ठा काढला. कुठली द्यावीत? शेळीचा कान गेलेला. बदकाचं द्यावं, पण त्यात घमेलं का, याचं कारण शेवटपर्यंत येत नाही. शिवाय रूपालीची दोन्ही पोरं दांडगी, पानं राहायची नाहीत. जरा मोठी होऊ दे, मग देऊ. गठ्ठा पुसून परत ठेवला.

तोवर सोनूनं बॅगेत अल्बम कोंबला होता. चेन लागेना, म्हणून तिनं स्वतःचे दोन फ्रॉक काढून टाकले होते. मी म्हणालो, तो जड आहे, एकच प्रत आहे, निगेटिव्हसुद्धा राहिल्या नाहीत.

राजश्रीनं फ्रॉक पिशवीत घातले आणि बॅगेची चेन गुडघा देऊन लावली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "राहू द्या हो. त्यात तुमी हाव."

३ जून, मंगळवार

रविवारी कलबुर्गीला जाऊन आलो. पुस्तक न्यायचं राहिलं, बस पकडायची घाई. सोनू आधी आईच्या मागं गेली. थोडाच वेळ. नंतर बिस्किटाचा पुडा बघून आली.

आज व्हिडिओ कॉल ठरला होता. साडेसहाला. आई शेजारी बसलेली. मी शेळीचं पुस्तक घेतलं, उजेडात नीट धरलं.

सोनूनं बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, कालेजचं नको."

कालेजचं नाही म्हणालो. तोवर ती दिसेनाशी झाली. काहीतरी ओढल्याचा आवाज. मग स्क्रीनवर अल्बम, फार जवळ, निम्मा. म्हणाली, "तू बस. मी वाचते."

बसलो. तिनं आज्जीपासून सुरुवात केली. भात कमी पडतो का. मारोतीकाका दोनदा जेवला. आवाज राजश्रीचा होता, थेट तिचाच. मारोतीकाकाचा भरड, आज्जीचा बारीक, हे कुणी शिकवलं कळलं नाही. पान उलटताना बोट ओलं करत होती. त्या फोटोपाशी आली आणि थांबली. अल्बम खाली करून माझ्याकडं बघितलं.

"मग बूट कुठं गेला?"

मारोतीचं नाव तोंडाशी आलं होतं. म्हणालो, "कुत्र्यानं नेला."

"व्हय," म्हणाली आणि पान उलटलं.

पुढं रूपालीची पोरं आली, फोन आडवा झाला, छत दिसलं, बंद झाला.

आईनं बंद फोन उलटा करून बघितला. मग माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडं बघून विचारलं, "त्या खाकी कागदात काय हाय रे?"

शेळी आहे, म्हणालो. तिची घंटा हरवते.

"चित्र हाय व्हय शेळीचं?" आई म्हणाली. "मला वाटलं तुझे परीक्षेचे पेपर हायत."

उद्या: शेळीच्या पुस्तकाचं कव्हर काढणे.