पंचावन्न मिनिटांवर कागल

खारघर, रविवार

ती. आई,
लांबूनच तुझ्या पाया पडते.

फोनवर आप्पा शेजारी असतात, तू मोकळं बोलत नाहीस, म्हणून पत्र. आम्ही मजेत आहोत.

आमच्या जवळच नवी मुंबईचं नवं विमानतळ सुरू झालंय; तिथून कोल्हापूरचं विमान पंचावन्न मिनिटांचं. आज उगीचच टॅक्सीने विमानतळापर्यंत जाऊन वेळ मोजून आले. तुझे जावई हसले. उजळाईवाडीला उतरून कागलपर्यंतचं धरलं, तरी चार तासांत दारात येईन.

आप्पा न्हाणीत पडले, ते तू मला टाके काढल्यावर सांगितलंस. म्हणालीस, एवढ्या लांबून कशाला धावायला लावू. आता ते कारण चालणार नाही.

त्यांचा हात अजून थरथरतो का? बॅग भरून ठेवलीय. तू खरं लिहिलंस की मगच रिकामी करीन.

तुझीच,
अबोली