भिशीची कंपनी

इंद्रपुरी, भोपाळ
१८ नोव्हेंबर २०२२

चि. नलिनीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून घाबरू नकोस. इकडे तसं सगळं ठीक आहे. थंडी पडायला लागली आहे, कपाटातून रजया काढल्या. फोनच केला असता, पण आपल्या घरात एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत जातं, आणि तुझ्या आईचे कान हल्ली फार तिखट झाले आहेत. दिवसभर वंदनाच्या कंपनीत तेच काम करते ना, फोन ऐकण्याचं. दुपारी ती नसते, पण तेव्हा तू बँकेत असतेस, म्हणून लिहितो आहे. नववी नापास माणसाच्या चुका पोटात घाल.

मी फार संतापलो आहे. कुणावर, ते लिहिता लिहिता ठरेल.

वंदनाची कंपनी तुला ठाऊकच आहे. तुझ्याच वर्गातली, श्यामरावांची. टाउनशिपमध्ये समोरच्याच क्वार्टरमध्ये राहायची. तुम्हा दोघींच्या वेण्या तुझी आईच घालायची. तिनं गोविंदपुऱ्यात एका शेडच्या माळ्यावर कंपनी काढली, ‘जोडणी’ नावाची. छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर. कुठलं काम कुठल्या मशीनवर आहे, कुणाचा माल अडकलाय, सगळं मालकाला मोबाइलवर दिसतं. आधी गोविंदपुरा, मग मंडीदीप, आता नाशिक, कोल्हापूर, पार तिकडे कोइमतूर. दरवर्षी गिऱ्हाइकं दुप्पट होतात. आणि तोटाही दुप्पट होतो! जितकं गिऱ्हाईक वाढेल तितकं नुकसान वाढतं, त्याला दुकान म्हणायचं की अन्नछत्र, तूच सांग. तू बँकेत आहेस.

तरीही बंगळूरचे कुणी मोठे गुंतवणूकदार आले आहेत. म्हणाले, सुरुवातीला ज्यांनी पैसे घातले त्यांचा वाटा आम्ही चौपटीनं घेतो. ते सुरुवातीचे कोण? आपल्याच कॉलनीतले. आमची चर्चा सुरू झाली, विकायचं की ठेवायचं. समाजाच्या हॉलमध्ये सतरंजी घालून आम्ही सगळे रिटायर लोक रोज संध्याकाळी बसत होतो.

काशिनाथराव तुला आठवतील, अकाउंट्समधले, अजूनही खिशाला दोन पेनं लावतात. ते म्हणाले, “नफा नाही ती कंपनी नव्हे, ती हौस. चौपट मिळतंय, हात जोडून घ्या आणि बाहेर पडा.”

नीळकंठ उसळला. तो मोबाइलवर शेअर खेळतो, त्यामुळे स्वतःला मोठा जाणकार समजतो. “काशिनाथराव, आपला कारखाना उभा राहत होता तेव्हा पहिल्या वर्षी नफा कुणी विचारला होता? आधी पसरायचं असतं. बंगळूरवाले काय वेडे आहेत चौपट द्यायला? त्यांना पुढचं दिसतंय.”

“मग त्यांना दिसू दे की! माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय.”

“तुमचा नंबर कायमच जवळचा होता. कँटीनमध्ये समोशाचे पैसे द्यायची वेळ आली की दिसायचं नाही.”

यावर जे भांडण लागलं, ते मी लिहीत नाही. शेवटी मी बोललो. मी म्हणालो, वंदना एका कारखान्याला जोडायला तिथे सहा-सहा महिने माणूस बसवते. मालकाला शिकवायचं, मुनीमाला शिकवायचं, मुनीम पळून गेला की नव्या मुनीमाला शिकवायचं. एवढा खर्च कधी भरून निघणार? मी तिला स्वतः विचारलं होतं. म्हणाली, “काका, अजून पाच-सात वर्षं तरी. मग बघा.” मग बघा! आमच्या वयाच्या माणसाला सात वर्षं म्हणते, आणि तेही हसून!

सगळ्यांना पटलं. हात वर करून ठराव झाला, विकायचं. नीळकंठसुद्धा कुरकुरत तयार झाला. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी माझं ऐकलं म्हणून मी घरी येताना जिलेबी घेऊन आलो.

तुझ्या आईनं जिलेबी बघून विचारलं, “कशाची?”

मी सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “वाटा कुणाचा आहे, ते पाहिलंत का?”

नलू, आम्ही पंधरवडाभर भांडलो आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. पैसे बायकांच्या भिशीतून गेले होते! आमच्याकडची रीत तुला माहीत आहे, जिची भिशी लागते तिनं ते काय केलं, हे कुणी विचारायचं नाही. नवऱ्यानं तर नाहीच नाही. वंदनाला कुणी उभं करत नव्हतं तेव्हा एकीमागून एकीनं आपली भिशी तिच्या हाती ठेवली, आणि आम्ही समजत राहिलो की घरातलं म्हणजे आपलंच. काशिनाथरावांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या त्यांनी.

तरी आम्ही ठरवलं की बायकांना समजावून सांगावं. परवा इंदुमतीबाईंकडे भिशी होती. आम्ही चौघे गेलो. भिशी चालवणाऱ्या कमलताईंनी दारातच अडवलं. “भिशीत पुरुष बसत नाहीत. चहा बाहेर मिळेल.” आम्हाला ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. तुझी आई बाहेर आली, चहाचा ट्रे माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “तुमचं झालं ना बोलून? आता आमचं होऊ दे.” मी पस्तीस वर्षं कारखान्यात काढली, हाताखाली माणसं होती माझ्या. आणि दुसऱ्याच्या ओट्यावर ट्रे धरून बसलो!

खिडकी उघडीच होती. सगळं ऐकू येत होतं.

कमलताई म्हणाल्या, “तोटा तोटा काय करता? मला एवढंच सांगा, जोडलेला कारखाना सोडून जातो का?”

तुझी आई म्हणाली, “फोनवर मीच असते. शिव्या देतात, पण जात नाहीत. कोल्हापूरचा एक जण रोज भांडतो, आजी तुमचं हे चालत नाही म्हणून. परवा त्यानंच आपल्या मेहुण्याला जोडून दिलं.”

“पण एवढा खर्च, सरोज?” सुशीलाबाई विचारत होत्या. “फुकट शिकवत बसायचं म्हणजे काय?”

“आपली पोरं ज्या शाळेत शिकली, ती टाउनशिपची शाळा नफ्यात होती का गं? कुणीतरी आधी भरलं म्हणून शिकली ना?”

इथे नीळकंठनं माझ्या मांडीवर थाप मारली. मी चहा सांडला.

मग इंदुमतीबाई बोलल्या. त्या विकायच्या बाजूनं होत्या, आणि खरं सांगतो, मला त्यांचंच म्हणणं पटलं. म्हणाल्या, “कंपनी वाईट आहे असं मी म्हणतच नाही. पण मुलगा कोलार रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि हे घर सोडून मला तिकडे जायचंय. लिफ्ट महिन्यातून चार दिवस चालते. मला त्याच गल्लीत खाली दोन खोल्या घ्यायच्यात. सात वर्षांनी सोनं झालं, तर ते कुणाच्या फोटोला घालणार?”

सगळा वाटा भिशीच्या नावानं एकच आहे, विकायचा तर सगळ्यांचा विकावा लागतो. काशिनाथराव मान डोलावून मला खुणावत होते, जिंकलो म्हणून.

पण कमलताई म्हणाल्या, “यात काय अवघड आहे? अडलेली आधी घेते, हा भिशीचा नियमच आहे. बंगळूरवाले देतात तेवढं इंदूला आपण पुढच्या भिश्यांतून देऊ. बाकीच्या थांबू. मात्र आत्ताच स्पष्ट सांगा, आणखी कुणाला थांबायला वेळ नाही?”

नलू, तिथे मी खुर्चीतून उठलो. खिडकीपाशी गेलो. तुझी आई मला पाठमोरी दिसत होती, राखाडी शाल घेतलेली.

“सरोज?” कमलताईंनी विचारलं.

“मला आहे,” ती म्हणाली. “मला भरपूर वेळ आहे.” आणि हसली. तिच्यामागून सगळ्या हसल्या.

खोटं बोलली. भरल्या घरात, हळदीकुंकवाचा करंडा समोर असताना खोटं बोलली!

तुला कळवायचं नाही असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलं आहे. तुझ्या मीनूची दहावी आहे, परीक्षा होऊ दे, मार्चनंतर बघू म्हणते. मी हो म्हटलं होतं. पण गोविंदपुऱ्याच्या शेडचा जिना तू पाहिलेला नाहीस. लोखंडी, उभा. मी तिला रोज स्कूटरवरून सोडतो आणि खाली उभा राहून बघतो. ती मध्येच थांबते, वाकून चप्पल नीट करते. चप्पल नवी आहे, पट्ट्याची आहे, तिला काही झालेलं नाही. वर पोचली की हात हलवते, म्हणजे मी जावं. रात्री दोन उशा पाठीशी घेऊन बसून झोपते आणि मला सांगते की आडवं झालं की पित्त होतं.

तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. ऑपरेशन करून बदलावी लागेल, आणि डॉक्टर म्हणाले, लांबवू नका. आपल्या कारखान्याच्या मेडिकल कार्डावर होतं सगळं, पैशाचा प्रश्नच नाही. डॉक्टरांचं नाव घेतलं की ती नाशिकचे कारखाने सांगत बसते. अमक्याचं बिल निघत नाही, तमक्याचा मुनीम नवा आहे, माझ्याशिवाय कुणाशी तो मराठीत बोलेल? पगार घेते, नलू! पहिल्या पगारात मला स्वेटर आणला. मी घातलेला नाही.

आता तुला कळलं असेल, मला तो वाटा का विकायचा होता. नफा-तोटा मला काय कळतो? वाटलं, वाटा गेला की हिचा जीव त्यातून निघेल, घरी बसेल, तारीख घेता येईल. वंदनावर चिडलो, पण त्या मुलीला काही माहीतच नाही. तुझ्या आईनं तिलाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी खिडकीतून ओरडायला हवं होतं. काशिनाथराव मागून म्हणत होते, “गोपीनाथराव, बसा, बायका हसतील.” मी बसलो.

घरी येताना स्कूटरवर मागून ती मला म्हणते, “ऐकत होतात ना? कसं वाटलं?” तिला वाटलं मी भिशीच्या निकालाच्याच विचारात आहे. मी म्हटलं, “बरोबर ठरवलंत.” आणि खरंच बरोबर ठरवलं त्यांनी, हेही तुला लिहून ठेवतो. मी तसं काशिनाथरावांना सांगणार नाही.

मीनूला वाईट वाटेल तर वाटू दे, परीक्षा तिच्या बापाला सांभाळू दे. तू ये. विकण्याबद्दल आईशी एक शब्दही बोलू नकोस, तो विषय संपला. सरळ त्या शेडवर जा आणि जिन्याच्या खाली माझ्याजवळ उभी राहा. ती मध्ये थांबेल तेव्हा वर बघ. मग तिला काय सांगायचं, ते तूच सांग. माझं ती ऐकत नाही.

हे पत्र तिच्या हाती लागलं तर लागू दे. वचन मोडलं म्हणून माझ्याशी भांडेल, भांडू दे.

कंपनीला फायदा व्हायला सात वर्षं लागणार आहेत. मी थांबायला तयार आहे. एकटा थांबणार नाही.

तुझा,
बाबा