शांत व आज्ञाधारक

११ फेब्रुवारी, मंगळ

सातवीचं विज्ञान अजून दोन धडे मागे. आज पाण्याचा धडा रेटत होते, तर प्रणाली उभी. "मॅडम, पाणी वरतून पडते तवा गोड रायते, मंग आमच्या हिरीतलं खारट काहून?"

खारपाणपट्ट्यातल्या या गावात चौदा वर्षं शिकवतेय. रोज अमरावतीहून पाण्याची बाटली भरून नेते. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, मलाही पडला नव्हता. म्हटलं, "परीक्षेला येणार नाही ते. बस खाली." बसली. पण तोंड फुगवून बसली.

येताना वलगावला चहा. धडा अर्धाच झाला.

२२ एप्रिल, मंगळ

प्रगतिपुस्तकांतल्या वर्णनात्मक नोंदी संपवल्या. एकोणीस पोरं, पाऊण तास. माझी जुनी पद्धत: सव्वीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ बाईंनी बारा वाक्यांची वही दिली होती. "उपक्रमांत उत्साहाने सहभागी", "स्वाध्याय वेळेत पूर्ण", "शांत व आज्ञाधारक" वगैरे. हजेरी क्रमांक एकला पहिलं वाक्य, बाराला बारावं, तेराला परत पहिलं. कोणाचं वाईट होत नाही, कोणी तक्रार करत नाही.

वानखडे सर (मुख्याध्यापक) म्हणाले, "मॅडम, तुमचं काम नेहमी टायमात." छान वाटलं. घरी येताना गिला वडा बांधून आणला. हे म्हणाले, आज काय विशेष? म्हटलं, नोंदी संपल्या हेच विशेष.

१ मे, गुरु

झेंडावंदन, मग निकाल. सगळे पास. आमच्या शाळेत सातवीच शेवटची, आता कोणी वलगावच्या शाळेत, कोणी अमरावतीला. आया नटून आलेल्या. सगळं छान चाललं होतं.

प्रणालीने आपलं कार्ड उघडलं, वाचलं, आणि सगळ्यांदेखत: "मॅडम, मी शांत कधी होती?"

तिचे वडील गजाननभाऊ ओशाळले. "अवं, मॅडमनं चांगलंच लिवलं ना. गप."

"चांगलं हाय बाबा, पण माह्यं नाई हे."

एवढ्यावर थांबती तर ती प्रणाली कसली! यशचं कार्ड ओढलं. हिचा नंबर सात, त्याचा एकोणीस. तेच वाक्य. यश आणि शांत! मग बाकीच्यांची कार्डं गोळा केली आणि पाच मिनिटांत माझी सव्वीस वर्षांची पद्धत उलगडून ठेवली. "एकाचं तेराले, दोनाचं चौदाले. पायजा!" पोरं खो खो. आया एकमेकींकडे पाहायला लागल्या. वानखडे सर झेंड्याच्या दोरीची गाठ तपासत राहिले.

मी हसून वेळ मारून नेली. कान तापले होते ते अजून तापलेलेच आहेत.

२ मे, शुक्र

कूलरसमोर बसूनही चैन नाही. चूक पोरीची नाही, म्हणून जास्तच राग येतो. बरोबर आहे ना तिचं. सात वर्षं शाळेत आली, आणि जाताना मी तिला दुसऱ्याच कोणाचं तरी वर्णन बांधून दिलं.

सरांना फोन केला. सगळी कार्डं परत लिहिते म्हटलं.

"कशाले वाढवून राहिल्या काम? सही-शिक्का झाला."

म्हटलं, तरी लिहिते.  मग म्हणाले, "कोरी कार्डं कपाटात हायेत. पण मॅडम, पोरं बाहेर चालली, जरा सांभाळून लिवा."

७ मे, बुध. अकोला

ताईकडे. अकोल्याचं ऊन म्हणजे ऊन, अमरावती त्यापुढे चिखलदरा. सकाळी आठनंतर बाहेर डोकावायचं नाही. पण आमरस, कुरडया आणि ताई, त्यामुळे मजेत.

ताईने तीस वर्षं आठवी शिकवली. खेड्यांतून येणारी पोरं दर जूनला तिच्यापुढेच बसायची. विचारलं, हायस्कुलात टिकायला पोरात काय लागतं गं? मला वाटलं वाचन, गणित, असं काही सांगेल. ती आंब्याची कोय चोखत म्हणाली, "डबा विसरला तर शेजारणीला मागता येतो का, ते मी बघायचे."

"आणि?"

"रडून झाल्यावर तोंड धुऊन परत वर्गात येते का."

"आणि?"

"मला समजलं नाही, हे मोठ्यानं म्हणता येतं का. हे सगळ्यात अवघड. हुशारांना तर अजिबात जमत नाही."

"मार्कांचं काय?"

"येतात गं मागून."

८ मे, गुरु. अकोला

एकोणीस पोरं एकेक करून डोळ्यापुढे आणली. बारा वाक्यांची वही मुद्दाम आणली नव्हती. पहिल्या तिघांना दीड तास लागला. मग हात चालायला लागला. खरं तर मला सगळं माहीत होतं, लिहिलं नव्हतं एवढंच.

यश: हरल्यावर समोरच्याला हात देतो. मग दंगा करतो.
साक्षी: चूक झाली की कोणी विचारायच्या आधी येऊन सांगते.
ओम: हळू शिकतो. शिकलेलं दुसऱ्याला शिकवतो.

लिहिता लिहिता एकदा डोळे भरून आले. कशाला, ते कळलं नाही. आनंदच होता बहुतेक.

प्रणाली शेवटी ठेवली होती. "प्रश्न विचारते. उत्तर पटेपर्यंत बसत नाही."

ताईने वाचलं. "हे असं लिहिशील? तिथल्या बाई काय समजतील?"

"खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच विचारतेय."

ताईचं चूक नाही. प्रणालीला अमरावतीच्या कन्याशाळेत जायचंय. मागे विज्ञान प्रदर्शनाला तिथली प्रयोगशाळा पाहून आली, तेव्हापासून तेच एक डोक्यात. आठवीला जागा थोड्या, बाहेरगावच्या मुलींना मोठ्या बाई आधी बोलावतात, कार्ड पाहतात. माझ्या एका खऱ्या वाक्याने तिची जागा गेली तर? दोनदा खोडावंसं वाटलं. पेन टोपण लावून पर्समध्ये ठेवलं.

१७ मे, शनि

गावात जाऊन कार्डं वाटली. सकाळी सातला निघाले म्हणून जमलं. गजाननभाऊंनी तुरी झोडपायच्या ताडपत्रीवर बसून दोनदा वाचलं. "मॅडम, खरं सांगू का? हे वाचून घेतीन का तिले?"

म्हटलं, नको वाटत असेल तर जुनं कार्ड आहे अजून, तेच दाखवा. दोन्ही ठेवा.

प्रणालीने जुनं उचलून माझ्या हातात दिलं. "हे ठेवा तुमच्यापाशी. ते माह्यं हाय."

चहा झाला. माठातलं पाणी दिलं, तेही प्यायले. खारट खरंच.

२४ जून, मंगळ

काल शाळा उघडली. नवी सातवी, सतरा. आज दुपारी गजाननभाऊंचा फोन. धापा टाकत होते. कन्याशाळेच्या मोठ्या बाईंनी कार्ड वाचलं, चष्मा काढला, म्हणाल्या, असं? मग विचार एक प्रश्न.

"आन मॅडम, हिनं काय इचारावं? म्हणे, तुमच्या वाचनालयाले कुलूप काहून हाय? माह्या तं घामच सुटला!"

"मग?"

"मंग काय, बाईनं शिपायाले किल्ली आणाले लावली. घेतलं तिले. आठवी ब."

मी स्टाफरूममध्ये एकटीच टाळी वाजवली. वानखडे सर आत आले, त्यांना पेढा म्हणून गुळाचा खडा दिला. ते म्हणाले, "तुमी लकी हा मॅडम." लकी तर लकी.

१५ जुलै, मंगळ

आठवी ब च्या वर्गशिक्षिका देशमुख मॅडम यांचा फोन. विज्ञान त्याच शिकवतात. आवाज गोड, बाई चांगल्या वाटल्या. कार्डावरची नोंद वाचून कुतूहल म्हणून फोन केला म्हणे.

"तुम्ही लिहिलंय प्रश्न विचारते. इथे तर तोंडच उघडत नाही हो. तशी तक्रार काही नाही. शांत आहे, आज्ञाधारक आहे."

माझंच वाक्य. शब्दन् शब्द माझा.  म्हणजे ते वाक्य चूक नव्हतं, फक्त तीन महिने आधी लिहिलं गेलं?

जेवण गेलं नाही.

१९ जुलै, शनि

सकाळची शाळा. कुलूप लावत होते तर फाटकाशी प्रणाली. नवा गणवेश, दोन वेण्या, चिखलाने बूट भरलेले. तिचीही अर्धी शाळा होती, एस.टी.तून उतरून घरी न जाता इकडे आली.  व्हरांड्यात बसलो. मी डबा उघडला, तिने न विचारता अर्धी पोळी घेतली. म्हटलं, चला, ताईच्या पहिल्या परीक्षेत पास.

मग हळूहळू निघालं. पहिल्याच आठवड्यात तिने विहिरीचा प्रश्न विचारला होता. फेब्रुवारीतला, तोच. पोरी हसल्या, तिच्या बोलण्याला. मॅडम म्हणाल्या, तो भाग आत्ता नाही, नंतर बघू. नंतर काही झालं नाही. तेव्हापासून हात खाली.

"मले वाटलं, प्रश्नच वाकडा हाय. तुमीबी बसवलं होतं ना मले."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. साधं म्हणाली.

मी सांगून टाकलं. "प्रश्न वाकडा नव्हता. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून बसवलं."

पोरगी पोळी हातात धरून बघत राहिली. "तुमाले येत नोतं?"

"अजूनही धड येत नाही. इथल्या जमिनीत खाली मीठ आहे म्हणतात. ते आलं कुठून, आणि वरच्या पाण्यात कसं येतं, ते मी कधी शोधलं नाही."

"मंग त्या मॅडमलेही येत नसन."

"असू शकतं."

आणि हसली की! महिनाभराचं हसू साठवून ठेवल्यासारखी हसली. "मंग भ्याचं काय त्यात? सोमवारी इचारीन." दोन पावलं गेली, परत आली. "माह्या बोलीत इचारू का शुद्ध?"

काय सांगावं? सव्वीस वर्षं शुद्धलेखन तपासलंय मी. म्हटलं, "ज्यात आधी सुचेल त्यात."

२० जुलै, रवि

देशमुख मॅडमना सकाळपासून तीनदा मेसेज लिहिला. उद्या प्रणाली प्रश्न विचारेल, जरा वेळ द्या. तीनदा पुसला. मग ताईला फोन. ती म्हणाली, "डबा तिचा तिला मागू दे."

सगळं बरोबर. पण रडून झाल्यावर तोंड धुऊन परत येणं, ते दुसऱ्यांदा करावं लागलं तर?

दुपारी हे म्हणाले, चल, बाहेर जाऊ. गेलो. भाजी घेतली, भुट्टा खाल्ला. मजा आली, खोटं कशाला लिहू.

२१ जुलै, सोम

आठवी ब ला विज्ञान दुसऱ्या तासाला. माझ्या सातवीत तेव्हा भूगोल. पुस्तक मिटलं आणि विचारलं, "पाऊस गोड, आपली विहीर खारट. का?" सतरा चेहरे. म्हटलं, "मला पूर्ण माहीत नाही." आयुष्यात पहिल्यांदा वर्गात म्हटलं असेल. पोरं आधी एकमेकांकडे पाहायला लागली, मग एकदम सगळी बोलायला लागली. एकाच्या आजोबांच्या मते जुन्या काळी इथे समुद्र होता. दुसरा म्हणे, पूर्णा नदीला विचारा. फळा भरला. उद्या तीन विहिरींचं पाणी बाटलीत भरून आणायचं ठरलं. भूगोल राहिला.

बारा वाक्यांची वही कपाटात खाली घातली. टाकवली नाही.

शाळा पाचला सुटली. मी नाही गेले. हे म्हणतील उशीर का, सांगीन काहीतरी.

सहा वाजून दहा. फाट्यावर, गाडीवर बसून लिहितेय. गजाननभाऊ पण आलेत, मला बघून हसले. दोघंही रस्त्याकडे बघतोय.

एस.टी. वळणावर दिसली. थांबायच्या आधीच दारात कोणी येऊन उभं राहिलंय. इथून ओळखू येत नाही अजून.