उभ्या सायकलीचा दिवा

आण्णा, तुमची सायकल न्यायला आज माणूस आला होता. शिर्डी रस्त्यावर त्याचं नवं हॉटेल होतंय, तिथल्या भिंतीवर टांगायला जुनी सायकल हवी आहे. पोरानं परस्पर हो म्हणून टाकलेलं. आई, ओसरी मोकळी होईल, म्हणाला. मी चहा ठेवायला आत गेले आणि दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

तो माणूस एकेक वस्तू हात लावून बघत होता. मुठींच्या प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या, दोन आरसे, चाकाच्या आसावरचं रंगीत केसांचं कडं, सीटच्या कव्हराचे गोंडे. मला आपलं पुणतांब्याचं घर आठवलं. आई चुलीपुढून म्हणतेय, "माझं कान मोकळं, आन् सायकलीला दोन्हीकडनं झुमके." तुम्ही मडगार्ड पुसताय, आणि तिच्याकडे बघताय तेही आरशातून. कॅरिअरच्या चापात तुम्ही रद्दीतली मासिकं आणायचात. शाळा सुटल्यावर मी वाचत राहिले ती त्यांच्यावरच.

मग चाकाला घासून दिवा लावणारा डायनॅमो आला आणि कारखान्यातून पाचला सुटणारा माणूस अंधार पडल्याशिवाय घरी येईना. उजेडात दिवा कुणाला दिसणार, म्हणून तुम्ही पाटाच्या पुलावर बसून राहायचात. इकडे भाकरी गार. सायकल थांबली की दिवा जातो, म्हणून वाटेत कुणी हाक मारली तरी उतरायचं नाही, त्याच्याभोवती गोल फिरत बोलायचं. मला बघायला पाहुणे आले त्या संध्याकाळीही तेच. मुलगा अंगणात उभा, तुम्ही त्याच्याभोवती घिरट्या घालत शिक्षण किती, जमीन किती विचारताय, आणि तो बिचारा उत्तरं देत मान फिरवतोय. ह्यांनी जन्मभर ऐकवलं, "लग्न तुझ्याशी केलं, पण प्रदक्षिणा सासऱ्यांनी घातल्या." हे गेल्यापासून घरात ती गोष्ट कुणी काढत नाही.

हॉटेलवाल्यानं विचारलं, दिवा लागतो का. मी सायकल स्टँडवर घेतली, डायनॅमो टायरला टेकवला आणि हातानं पायडल फिरवलं. आधी नुसती कुरकुर झाली, मग पिवळा उजेड त्याच्या शर्टावर पडला. माणूस खूश.

"मावशी, आत वायर घालून बल्बच बसवतो. कायम चालू ऱ्हाईल, फिरवायची कटकट न्हाई."

"मग नुसता बल्बच टांगा," मी म्हणाले. "सायकल हितंच ऱ्हाऊ द्या."

टेम्पो रिकामा गेला.

हे पत्र घडी करून सीटच्या कव्हराखाली घालते. तिथला स्पंज तुम्ही बसून बसून सपाट केलाय. आणि एक कबूल करते. रोज दिवेलागणीला मी पायडल फिरवते. पोराला सांगितलंय, डॉक्टरांनी खांद्याला व्यायाम सांगितलाय. सांगितलाय खरा, पण दुसऱ्या खांद्याला.