माझी शवपेटी खालच्या पुलावरून आणावी

मी, यूफिमिया रदरफर्ड ऑलसॉप, गावात एफी, राहणार एलरबर्न, वरची आळी, चर्चच्या उतारावरचे दगडी घर, पूर्वीचा धंदा गिरणीत कापडाचे रफूकाम, सध्या काही नाही, हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढची कलमे वाचून माझा भाऊ टॅम शंका काढील. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेलेच नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे माझा मुलगा गिडियन याच्या नावे केले होते. तो गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात वारला.

हे सांगताना मला काही वाटत नाही. वकीलबाई मिस केर यांनी पाण्याचा पेला पुढे केला, मग कागदी रुमाल पुढे केला. दोन्ही तसेच राहिले. दात काढताना भूल द्यावी आणि ती उतरूच नये, तसे माझे तेव्हापासून झाले आहे. गिडियन गेला हे मला माहीत आहे. तेवढेच.

कलम १. घर. हे घर मला वडिलांकडून आले. ते मी गिडियनची मुलगी कर्स्टी हिला देते. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. कोणी हरकत घेऊ नये. हरकत येईल ती अशी, की आमचे बाबा अंथरुणाला खिळले असताना म्हणाले होते, "या घरात खालचा माणूस राहता कामा नये." कर्स्टी खालची आहे. बाबांचे म्हणणे मी ऐकून घेतले होते. ते पाळीन असे म्हटले नव्हते.

मिस केर एडिंबरोच्या असल्यामुळे त्यांच्या माहितीसाठी लिहिते. एलरबर्नमध्ये माणूस एक तर वरचा असतो, नाही तर खालचा. दर फेब्रुवारीत गावभर चेंडूचा खेळ होतो. चेंडू कातड्याचा, आत गवत ठासलेले, वर रिबिनी. वरच्यांनी तो चर्चच्या फाटकाशी न्यायचा, खालच्यांनी पुलाखाली ओढ्यात. चेंडू पोचला की नेणारे ओरडतात, "घरी आला!" दुकानदार त्या दिवशी काचांवर फळ्या ठोकतात. आता, कोण कुठला, हे कसे ठरते? जो ज्या रस्त्याने पहिल्यांदा गावात शिरला तो त्या बाजूचा, जन्मभर. पूर्वी मुले घरात जन्मायची, तेव्हा प्रश्न नव्हता. इस्पितळ गावाबाहेर गेल्यापासून वरच्या आळीचे लोक बाळंतिणीला डोंगरावरून लांबचा वळसा घालून आणतात, बाळ रडो की ओको. यात हसण्यासारखे काही नाही. मिस केर हसल्या.

माझा नवरा नॉर्मन इंग्रज होता, सरहद्दीपलीकडचा. गिरणीत माग दुरुस्त करायला आला आणि राहिला. पहिला चेंडू म्हणजे कापलेले इंग्रजाचे डोके होते असे म्हातारे सांगतात. खरे-खोटे देव जाणे. पण इंग्रजांनी आमचा मठ जाळला तो जणू गेल्या आठवड्यात, अशा तावात या गावात बोलतात. दर फेब्रुवारीत कोणी ना कोणी नॉर्मनला अडवायचेच. "काय रे नॉर्मन, डोकं जागेवर आहे ना?" नॉर्मन म्हणायचा, "आहे, फक्त रिबिनी लावायच्या राहिल्यात." स्वभावाने फार चांगला माणूस. पण त्याला या गावातले काही म्हणजे काही कळत नसे.

गिडियनला इस्पितळातून घरी आणले तेव्हा मोटारीतला हीटर बंद पडला होता. नॉर्मनने जवळचा रस्ता धरला. मी मागे झोपेत होते. बाबा दारात उभेच.

"कुठून आणलंस रे याला?"

"इस्पितळातून," नॉर्मन म्हणाला.

"ते दिसतंय मला. रस्ता कुठला?"

"पुलावरून. जवळ पडतं ना."

बाबा म्हणाले, "अरे गाढवा! जवळ पडतं म्हणून माझा नातू त्यांना देऊन आलास?"

बाबांचा आग्रह होता की पोराला तस्से परत न्यावे आणि वरच्या रस्त्याने पुन्हा आणावे. आई आतून ओरडली, "तो काय चेंडू आहे का, पुन्हा टाकायला? थंडीनं निळं पडलंय लेकरू, आत घ्या आधी!" दुसऱ्यांदा आणून उपयोग नसतो हे बाबांनाही माहीत होते. पहिला रस्ता तोच खरा. गिडियन खालचा झाला.

मोठेपणी तो खालच्यांचा सर्वांत चपळ गडी निघाला. पहिल्यांदा त्याने चेंडू ओढ्यात नेला त्या दिवशी बाबांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, "कोणाचा पोरगा तो? बरा पळतो."

कलम २. बँकेत जे असेल ते कर्स्टीला. त्यातून आधी अंत्यविधीचा खर्च करावा. लोकांना मटणाचे गरम पॅटिस द्यावेत, थंड देऊ नयेत. गिडियनच्या वेळी थंड होते.

कलम ३. माझी कात्री, रफूच्या सुया आणि गाठी काढायचा चिमटा. गावच्या जुन्या वस्तू जपणाऱ्या वारसा समितीने हे काचेच्या कपाटासाठी मागितले होते. देऊ नयेत. समितीने मठापाशी पाटी लावली आहे, तिच्यावर आमच्या गिरणीचा इतिहास दोन ओळींत आटोपला आहे आणि त्यातली एक ओळ मालकाच्या घोड्यावर आहे. हत्यारे सुनेला, शीनाला द्यावीत. तिला रफू येत नाही, पण वापरून वापरून ती बोथट करील आणि ते बरे.

कलम ४. शेजारीण मिसेस गार्विन यांच्याकडे माझे मुरांब्याचे पितळी पातेले आहे. त्या म्हणतात ते त्यांचेच. त्यांनी ते ठेवून घ्यावे. पण माझे होते एवढे गावात सांगावे.

कलम ५. बाबांचा चेंडू. हे मुख्य कलम आहे.

माझ्या जन्माच्या वर्षी बाबांनी जो चेंडू चर्चच्या फाटकाशी नेला, तो जेवणघरातल्या कपाटावर आहे. रिबिनी विटल्या आहेत, शिवण शाबूत आहे. टॅम हा माझा धाकटा भाऊ, वरच्यांचा म्होरक्या आणि वारसा समितीचा अध्यक्ष. तो दर नाताळाला या चेंडूकडे बघत जेवतो. त्याला तो समितीच्या काचेच्या कपाटात, दिव्याखाली, बाबांच्या नावासकट हवा आहे. तो त्याला कोणत्या अटीवर मिळेल हे सांगण्याआधी गिडियनचे सांगणे भाग आहे.

गिडियन इस्पितळात वारला. हृदय. मला काही सुचत नव्हते, बूटसुद्धा घालता येत नव्हते. टॅमने सगळे केले, हे मी मान्य करते. माझ्या बुटांचे बंद त्याने बांधले. चर्च ठरवले, मोटारी ठरवल्या, शीनाला धरून बसवले. आणि शवगाडीच्या ड्रायव्हरला त्याने डोंगराकडचा रस्ता सांगितला.

मी मागच्या मोटारीत होते. बाहेर मेंढ्या दिसत होत्या. टॅमने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "एफी, शेवटी आणला बघ त्याला आपल्या रस्त्यानं. आज तो आपला झाला. बाबा असते ना, तर त्यांचं समाधान झालं असतं." त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते. मी मेंढ्याच बघत होते.

खालचे सगळे पुलावर उभे होते. डॉडी लेडलॉ, गिडियनचा लहानपणापासूनचा मित्र, नवा चेंडू शिवून घेऊन आला होता, काळ्या रिबिनींचा. गिडियन पुलावर आला की आरोळी द्यायची असे त्यांचे ठरले होते. गारांचा पाऊस होता. त्यांना कोणी सांगितलेच नाही. चर्चची घंटा वाजली तेव्हा त्यांना कळले की गिडियन आत गेलासुद्धा. ते चढ चढून आले आणि ओल्या अंगाने मागे उभे राहिले. बाहेर पडताना डॉडी माझ्याजवळ आला. म्हणाला, "काकू, आम्ही पुलावर होतो."

मी म्हटले, "बरं."

टॅमने हे दुष्टपणे केले नाही. दुष्टपणे केले असते तर सोपे होते, भांडून मोकळी झाले असते. त्याने मला ती भेट दिली. शेजाऱ्याच्या झाडाचे फळ तोडून आपल्या ताटात वाढावे, तशी.

म्हणून अट अशी. मी मेल्यावर माझी शवपेटी गावात खालच्या पुलावरून आणावी. मी इस्पितळात गेले तर प्रश्नच नाही. घरातच गेले तर मला आधी गावाबाहेर न्यावे आणि मग पुलावरून आत आणावे. लोक हसतील. हसू द्या. पूल सुरू होतो तिथून चर्चपर्यंत टॅमने शवगाडीच्या पुढे पायी चालावे. तो एवढे चालला तर बाबांचा चेंडू त्याचा. न चालला तर चेंडू डॉडी लेडलॉ याच्याकडे जावा आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीत खेळात टाकावा, फुटेपर्यंत.

मिस केर म्हणाल्या, "मिसेस ऑलसॉप, हे मृत्युपत्रात बसत नाही हो."

मी म्हटले, "बसत नसेल तर उभं राहू दे. पण लिहा."

हे कलम मी टॅमला आधीच सांगितले. मागाहून आकांडतांडव नको. तो सूप घेऊन आला होता, बार्लीचे, त्याच्या बायकोच्या हातचे, मिठाला कमी. ऐकून त्याने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे मरताना तू खालची होणार?"

"मी वरचीच. एकदा ठरलं ते ठरलं. म्होरक्या तू आणि नियम मी सांगू?"

"मग पुलावरून कशाला यायचंय तुला?"

"टॅम, तू गिडला डोंगरावरून आणलंस. झाला का तो वरचा?"

त्याने सुपाच्या डब्याचे झाकण लावले. मग म्हणाला, "नाही."

"मग काय साधलंस रे बाबा?"

त्याने माझा वाडगा विसळला, पालथा घातला, कोट घातला. दारापर्यंत गेला. वाटले, झाले, आता हा नाताळालासुद्धा यायचा नाही. चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी दारात उभा राहून, आत न येता, म्हणाला, "टोपी घालू की काढू?"

"काय?"

"पुलावर गं. टोपी डोक्यावर ठेवू की हातात घेऊ?"

मी म्हटले, "हातात. पाऊस असला तरी."

"असेलच पाऊस," तो म्हणाला आणि गेला. तरीही अट तशीच ठेवते आहे. टॅम चांगला आहे, पण बाबांचा मुलगा आहे.

कलम ६. हे शेवटचे. पुलाच्या मध्यावर शवगाडी थांबवावी. प्रार्थना करू नये, समितीने भाषण करू नये. शीना सांगते की काळ्या रिबिनींचा चेंडू डॉडीने ठेवून दिला आहे, खेळात कधी टाकलेला नाही. तो त्याने आणावा आणि पुलावरून ओढ्यात सोडावा. मग खालच्यांनी सगळ्यांनी मिळून एकदाच आरोळी द्यावी, त्या दिवशी द्यायची राहिली ती. टॅमने ती होईपर्यंत उभे राहावे.

मिस केर यांनी मसुद्यात "घरी आली" असे लिहिले होते, कारण पेटीत मी असणार. त्यांचे व्याकरण बरोबर आहे. मी ते खोडले आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे. आरोळी "घरी आला" अशीच द्यावी. ती मला ऐकू येणार नाही हे मला समजते. बुद्धी ठिकाणावर आहे असे वर लिहिलेच आहे.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले, मी ते ऐकले, आणि यात मला काही कमी-जास्त करायचे नाही.

यूफिमिया आर. ऑलसॉप
एलरबर्न, चौदा जानेवारी दोन हजार एकोणीस

साक्षीदार:

आयोना केर, वकील, एडिंबरो. माझ्यासमोर सही झाली.

जॉर्ज ऊर्फ डॉडी लेडलॉ, खालची आळी, एलरबर्न. वाचले. पुलावर असू.